शंभर विषयांची यादी

शनिवारी दुपारचे तीन वाजले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्याशी चपला काढल्याचे आवाज येऊ लागतात. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. त्यानंतर एका ओळखीच्या मुलीला लघुप्रबंधासाठी संदर्भ शोधून दिले, तिने मैत्रिणीला सांगितले, मैत्रिणीने भावाला सांगितले, आणि आता दर आठवड्याला चार-पाच विद्यार्थी आपापले प्रकल्प घेऊन येतात. त्यांत मराठी घरांतली असतात तशी गुजराती घरांतलीही असतात, आणि तीही मला आता काकूच म्हणतात.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच आलेल्या एका मुलाने माझ्यासमोर शंभर विषयांची छापील यादी ठेवली. विज्ञान, इतिहास, नीतिशास्त्र आणि मनोरंजन असे चार रकाने होते, आणि प्रत्येकात पंचवीस विषय होते. हवामान बदल, पहिल्या महायुद्धाची कारणे, प्राण्यांवरील प्रयोग, चित्रपटांचा तरुणांवर होणारा परिणाम, असे सगळे त्यात होते. "काकू, यातला कोणता सोपा जाईल?" असे त्याने विचारले. मी यादी दोनदा वाचली. वाईट असा विषय त्यात एकही नव्हता, पण शंभरांपैकी एकाही ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते, आणि मला त्याच्याशी नेमके त्याविषयीच बोलायचे होते.

हे मला फार उशिरा कळले. माझ्या एम.ए.च्या वेळी 'स्वातंत्र्योत्तर काळातील स्त्रीजीवन' हा विषय मला देण्यात आला होता आणि मी तो आनंदाने घेतला होता. वर्षभर मी टिपणे काढली, दोन पेट्या कागदांनी भरल्या, आणि तोंडी परीक्षेत बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी अगदी सौम्यपणे विचारले, "तुम्हांला नेमके काय जाणून घ्यायचे होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मला गुण मिळाले, पदवीही मिळाली. पण त्या खुर्चीवर खाली मान घालून बसलेली ती दोन मिनिटे मी आजही विसरलेले नाही. म्हणून आता येणाऱ्या प्रत्येकाला मी सुरुवातीलाच सांगते की आधी विषय बाजूला ठेवा, आणि कोणाविषयी, कुठल्या जागेविषयी, कोणत्या काळाविषयी विचारायचे आहे ते सांगा. शिवाय तुमचा अंदाज चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे हे कशावरून कळेल, तेही सांगा. हा शेवटचा भाग मुलांना सर्वांत जड जातो.

प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी 'विश्वामित्रीतील मगरी' एवढेच घेऊन आली होती. वडोदऱ्याच्या माणसाला हा विषय सुचणे अगदी स्वाभाविक आहे, कारण भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी असलेली शहरे भारतात फार नाहीत. ऑगस्ट २०२४च्या पुरात नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारांत आलेल्या मगरींची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पकडलेल्या मगरींच्या बातम्या गोळा करून तिला मगरी शहरात कुठे जास्त आहेत याचा नकाशा काढायचा होता. कल्पना चांगली होती, पण आम्ही कात्रणे पसरून बसलो तेव्हा तिच्याच लक्षात आले की बातमी जिथे माणसे राहतात तिथूनच येते. जिथे वस्ती नाही तिथल्या मगरीसाठी कोणी फोन करत नाही. म्हणजे तो नकाशा मगरींचा झाला नसता, तो घाबरलेल्या माणसांचा नकाशा झाला असता. त्या दिवशी ती थोडी हिरमुसली, आणि पुढच्या शनिवारी त्याहून चांगला प्रश्न घेऊन आली. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरते. २८ ते ३१ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात माद्याच निघतात, आणि ३२.५ अंशांच्या आसपास नर निघतात. मग नदीकाठाची माती झाडांच्या सावलीत असली, उघडी असली किंवा दगडी बांधकामाला लागून असली, तर एक-दीड फूट खोलीवर तिचे तापमान किती बदलते? मगरीच्या घरट्याजवळ जाण्याचे कारण नाही; वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय जाताही येणार नाही. पण मातीत तापमापक खुपसून महिनाभर रोज तीन वेळा आकडे लिहून घेणे एका विद्यार्थिनीला सहज जमण्यासारखे आहे. तिन्ही ठिकाणचे आकडे सारखेच आले, तर तिचा अंदाज चुकला हे तिला स्वतःलाच दिसेल.

मनोरंजनाच्या रकान्याकडे मुले सोपा म्हणून वळतात आणि शिक्षक हलका म्हणून नाक मुरडतात; मला दोन्ही पटत नाही. डिसेंबर २०२३मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि पुढच्या नवरात्रानंतर आलेल्या निदान तीन मुलांना गरब्यावरच लिहायचे होते. त्यांतला एक भौतिकशास्त्राचा होता. त्याच्या आजोबांना हृदयविकार होता आणि त्यांचे घर गरब्याच्या मैदानापासून फार लांब नव्हते, एवढेच त्याच्या मनात होते. प्रश्न काय हे त्याला सुचत नव्हते. मी त्याला ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम वाचायला दिले. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ध्वनिवर्धकांना मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. एकच कर्णा असेल तर अंतर दुप्पट केल्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण कर्ण्यांची लांबलचक रांग असेल तर तो ३ डेसिबलच्या आसपासच उतरतो, हे त्याच्या पाठ्यपुस्तकातच होते. मैदानापासून आजोबांच्या खिडकीपर्यंत ते जाऊन पाहावे असे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने आधी आपला मोबाईल प्रयोगशाळेतल्या ध्वनिमापकाशी ताडून घेतला आणि मग दर पन्नास पावलांवर थांबून नोंदी केल्या. त्याच्या निबंधाचा शेवटचा भाग मला फार आवडला, कारण त्यात त्याने लिहिले होते की तो स्वतः त्याच मैदानावर दरवर्षी खेळतो आणि पुढेही खेळणार आहे, म्हणून आवाज किती हवा हे ठरवताना त्याला खेळणाऱ्याचा आणि झोपू न शकणाऱ्या म्हाताऱ्याचा असा दोघांचाही विचार करावा लागला. हा निबंध यादीतल्या कोणत्या रकान्यात घालायचा ते मला सांगता येणार नाही.

चित्रपटाच्या वेडाने आलेल्या मुलांना मी कलाभवनाची गोष्ट सांगते. दादासाहेब फाळके बडोद्याला आले आणि सयाजीरावांच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. तिथले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी या विद्यार्थ्याला छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय चित्रपटाच्या आरंभाविषयी लिहिणाऱ्याने रसायनांच्या बाटल्यांकडेही पाहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते, पण अजून तरी कोणी तो प्रश्न उचललेला नाही.

नीतिशास्त्राच्या बाबतीत मुलांचे अडते ते निराळ्या कारणाने. तिथे त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, खोटे बोलू नये, पर्यावरण जपावे. मग दहा पाने भरायची कशाने? अशा एका मुलाला मी सयाजीबागेतल्या संग्रहालयात पाठवले. तिथला देवमाशाचा प्रचंड सांगाडा सर्वांच्या लक्षात राहतो. पण मी त्याला इजिप्तच्या ममीसमोर तासभर उभे राहायला सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्या वहीत दोन रकाने होते. समोर थांबलेल्यांपैकी फलक किती जणांनी वाचला आणि मोबाईल किती जणांनी काढला, हे त्याने मोजले होते, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या बराच पुढे होता. "काकू, हे मोजून मला काय करायचे ते कळले नाही," असे तो म्हणाला, आणि मला त्याचा अभिमान वाटला, कारण त्याचे म्हणणे बरोबरच होते. लोक काय करतात हे मोजता येते. त्यांनी काय करावे हे त्या मोजणीतून निघत नाही. त्यासाठी त्याला स्वतःला काही ठरवावे लागणार होते. काचेमागे आहे ती वस्तू आहे की व्यक्ती? ती बाई कधी काळी कोणाची तरी मुलगी होती, तिला विधिपूर्वक निरोप दिला गेला होता, आणि आपल्याला पाहायला लोक येतील अशी संमती तिने कोणालाही दिलेली नव्हती. दुसऱ्या बाजूला, ती इथे नसती तर बडोद्याच्या किती मुलांना इजिप्तची ओढ लागली असती? खुद्द इजिप्तमध्येही यावर एकमत राहिलेले नाही. १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी कैरोच्या संग्रहालयातले राजांच्या ममींचे दालन लोकांसाठी बंद केले होते, आणि ३ एप्रिल २०२१ला त्याच देशाने बावीस राजा-राण्यांच्या ममी रस्त्यावरून मिरवणुकीने, सन्मानाने नव्या संग्रहालयात नेल्या आणि सारे जग ते पाहत होते. झाकणे हा आदर की मिरवणे हा आदर, असा त्याचा प्रश्न अखेर ठरला, आणि तो मला माझ्या सुचवण्याहून कितीतरी चांगला वाटला.

त्या बागेविषयी आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, आणि ती सांगताना दरवेळी माझा आवाज बदलतो. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी सराईत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी याच बागेत, तेव्हाच्या कमाटी बागेत, काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या परदेशी देहाला बागेतल्या इमारतीत छप्पर होते, आणि त्याच बागेत एक जिवंत विद्वान झाडाखाली बसला होता. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. ही गोष्ट त्याने निबंधात घेतली नाही, आणि ते मला योग्य वाटले, कारण ती कोणाच्या प्रश्नात उदाहरण म्हणून वापरण्याइतकी लहान नाही. तिच्यासाठी वेगळा, पूर्ण प्रबंध लागेल, आणि तो लिहिणाऱ्याला कोठी कचेरीतल्या संस्थानच्या दप्तरात बरेच महिने बसावे लागेल.

इतिहासाच्या रकान्यात बडोद्याची मुले बहुतेक वेळा 'सयाजीराव महाराजांच्या सुधारणा' असे लिहून आणतात, आणि त्याखाली तीच चार वाक्ये असतात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३मध्ये अमरेलीला झाला, १९०६मध्ये तो सबंध संस्थानाला लागू झाला, नंतर नामदार गोखल्यांनी १९११मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसेच विधेयक मांडले. वाक्ये खरी आहेत, पण त्यांत माणूस नाही. या पावसाळ्यात इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हाच विषय घेऊन आली, तेव्हा मी तिला सहज विचारले की तुमच्या घरात त्या काळचा काही कागद आहे का. तिचे खापरपणजोबा संस्थानात कारकून होते. पुढच्या शनिवारी तिने लाल कापडात गुंडाळलेली घरखर्चाची वही आणली.

वही मोडी लिपीत होती. मला मोडी वाचता येते, पण वेगाने नाही. प्रत्येक ओळीवर आधी एक आडवी रेघ ओढून घेतलेली, आणि त्या रेघेखाली लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांना बिलगलेली. कागदाच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, मधला भाग मात्र शाबूत होता. संवत १९६४, म्हणजे इसवी सन १९०७-०८. तूप, सरपण, गाईला पेंड, शिंप्याला दिलेले पैसे. आम्ही दोघी बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचत होतो, आणि तिसऱ्या पानावर 'दंड' हा शब्द आला. पुढे चार आणे. पाचव्या पानावर पुन्हा दंड, पुन्हा चार आणे. ती मुलगी उडालीच. कायदा होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते, मुलगे सात ते बारा आणि मुली सात ते दहा वर्षांच्या असेपर्यंत शाळेत पाठवणे बंधनकारक होते, आणि न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. सरकारी कारकुनाच्या घरातले मुलगे शाळेत जात असणारच. म्हणजे मुलगी? कोणती तरी आठ-नऊ वर्षांची मुलगी घरी ठेवली होती आणि बापाने गुपचूप दंड भरला होता? तिने माझ्यासमोरच वहीत शीर्षक लिहायला घेतले.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "अगं, दंड म्हणजे लुगड्याचा नाही ना?" माझा हात थांबला. नऊवारी लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून टाकायचा आणि राहिलेले दोन चांगले तुकडे जोडून घ्यायचे, त्या सांध्यालाही दंड म्हणतात. लुगड्याला दंड घालणे हा प्रयोग माझ्या आईच्या तोंडी मी शंभर वेळा ऐकला होता, आणि सरकारी कायद्याच्या नादात तो मला आठवला नव्हता. त्या आजींनी आठवण केली नसती, तर आम्ही एका बापावर नसलेला गुन्हा लादून मोकळ्या झालो असतो.

आता त्या मुलीकडे खरोखरचा प्रश्न आहे. पहिला अर्थ खरा असेल तर कायदा एका मराठी कारकुनाच्या माजघरापर्यंत कसा पोहोचला हे दिसते. दुसरा खरा असेल तर त्या पगारात घरातली बाई लुगडे किती वर्षे पुरवत होती हे दिसते. दोन्ही इतिहासच आहेत, पण दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि कोणता खरा हे ठरवायला पुरावा लागेल. शिंप्याच्या नावावर त्याच दिवशी वेगळी रक्कम आहे का? घरातल्या बायका दंड हाताने घालत असतील, तर चार आणे कशाचे? त्या वर्षी घरात सात ते दहा वयाची मुलगी होती का? मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जिथे वरच्या मजल्याच्या काचेच्या जमिनीतून खालच्या कपाटांवर उजेड पडतो, ती दोन दिवस संस्थानचे जुने शिक्षण अहवाल पाहत बसली, आणि दंडाची रक्कम कशी ठरत असे याच्या नोंदी तिने उतरवून घेतल्या. मोडीची अक्षरेही ती आता स्वतः गिरवते. मधल्या काळात घरच्यांनी वंशावळीचा कागद शोधून काढला आहे. पण त्यात, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, फक्त मुलग्यांची नावे आहेत.

यादी घेऊन आलेला तो मुलगा त्या दिवशी कोपऱ्यात बसून हे सगळे ऐकत होता. जाताना त्याने यादीची घडी करून खिशात ठेवली आणि मला विचारले की मोडी शिकायला किती दिवस लागतात. आमच्या शेजारच्या आजींकडे त्यांच्या सासूबाईंचे दंड घातलेले एक लुगडे अजून आहे. येत्या शनिवारी त्या ते खाली आणणार आहेत, म्हणजे सांधा कुठे आणि कोणत्या टाक्याने घालतात, आणि ते काम घरच्या हाताचे आहे की शिंप्याचे, हे आम्हांला उजेडात धरून पाहता येईल.